आभार कशाचे होते

(साल एकोणीसशे एकसष्ट, असांते मुलखातलं आमचं गाव. माझे वडील सार्फो जाऊन चाळीस दिवस झाले होते. मी कोनादू, तेव्हा सव्वीस वर्षांची. अंगणात वडिलांच्या घराण्याची वडीलधारी माणसं जमली होती आणि बोलावणं येईपर्यंत मी आईबरोबर आतल्या खोलीत थांबले होते. त्या खोलीला एकच दार, तेही अंगणातच उघडणारं.)

आई: बोलायला कुठं सांगतेय मी तुला? नुसती मान हलवायची.

कोनादू: मान हलवणं म्हणजे बोलणंच की गं.

आई: चाळीस दिवस रडून मान तशीही हलतेच आहे. त्यातच एकदा जास्त.

कोनादू: आई, खिडकी उघडू का? जीव घुसमटतोय.

आई: नको. खिडकीखालीच आंतवीची आई बसलीय, कान लावून. तुझा बाप गेल्यापासून नणंदेला माझी काळजी फार.

कोनादू: आंतवी काय करतोय?

आई: तुझ्या बापाच्या जागेवर बसलाय. बसू दे. बहिणीचा मुलगा, मामाचं भाच्याकडे जायचंच. ओढ्याअलीकडचा मळा तुझ्या बापाला त्याच्या मामाकडून आला, तो आंतवीचा. मी एक शब्द काढला का? पण पलीकडचं रान तुझ्या बापानं स्वतः तोडलं. म्हणजे मी तोडलं. तो झाडाकडे बघत उभा राहायचा आणि मी कोयता चालवायची.

कोनादू: मीही होते.

आई: होतीसच. आठ वर्षांची. डोक्यावर रोपांची टोपली आणि नाकातून शेंबूड. म्हणूनच म्हणते. स्वतः तोडलेलं रान बाप हयातीत लेकीला देऊ शकतो की नाही?

कोनादू: देऊ शकतो. बाबांनी दिलं नाही.

आई: पुढच्या सुगीला देतो म्हणाला होता.

कोनादू: सात सुग्या म्हणत होते.

आई: मग आठवीला दिलं म्हण. बाटली फुटली होती ना? चार लोकांसमोर तू बापाला जिनची बाटली दिलीस, आभार मानलेस, नाना बादू प्याले. अजून काय लागतं? आभाराचं पेय साक्षीदारांच्या घशाखाली उतरलं की दान पक्कं.

कोनादू: ते आभार रानाचे नव्हते.

आई: बाटलीवर लिहिलं होतं का?

नाना बादू: आत येऊ का, पोकुआ?

आई: या नाना, या. दार ओढून घ्या मागं. पोरीला जरा समजवा.

नाना बादू: समजवायचं काय त्यात? मी बाहेर सांगून आलोय. उभा राहून सांगितलं. म्हटलं, हे पांढरे केस उन्हानं झाले नाहीत. सार्फोच्या लेकीनं आभाराची बाटली दिली, पहिला पेला मी प्यायलो, रान तिचं. आता तुला विचारतील. तू हो म्हणालीस की उठायचं आणि जेवायचं. सकाळपासून पोटात काही नाही माझ्या.

कोनादू: सांगूनही आलात?

नाना बादू: काय म्हणतेस? जरा मोठ्यानं.

कोनादू: मोठ्यानं नाही बोलता येत, नाना. बाहेर ऐकू जाईल. तुम्ही माझ्याजवळ सरका. त्या दिवशी तुम्ही उशिरा आला होता. आठवतं?

नाना बादू: गुडघा धरला होता. पण बाटलीला वेळेवर पोचलो.

कोनादू: बाटलीला पोचलात. त्याआधी मी एकट्या बाबांशी बोलले ते तुम्ही ऐकलंच नाही, बाकीच्यांनीही नाही. मी रानाचं नावही काढलं नव्हतं.

नाना बादू: मग कशाचे आभार? बाप लेकीला काही देतो तेव्हाच बाटली फुटते. बापजाद्यांपासून असंच आहे.

कोनादू: शिकवण्याचे.

नाना बादू: शाळेचे?

कोनादू: मळ्यातल्या शिकवण्याचे. कोकोचं फळ देठाशी कापायचं, खोडावरची गाठ दुखवायची नाही, कारण पुढचं फूल तिथूनच येतं. केळीच्या पानांखाली बिया सहा दिवस आंबवायच्या, दर दोन दिवसांनी रास परतायची. आणि त्या एका पोत्याचे.

नाना बादू: कुठलं पोतं? ते बाजारात ओतलं होतं ते? अरे देवा. माझ्यासमोरच ओतलं. सार्फोचं पोतं म्हटलं की कारकून बिया तपासायला सळीसुद्धा खुपसायचा नाही. तराजूवर चढलेलं पोतं तुझ्या बापानं स्वतः उतरवलं आणि धुळीत रिकामं केलं. तळाच्या बिया फोडल्या तर आतून जांभळ्या, न आंबलेल्या. म्हणतो कसा, परतायला मी विसरलो. पुढचं वर्षभर आम्ही त्याला जांभळा सार्फो म्हणायचो.

कोनादू: ते विसरले नव्हते. मी विसरले होते. नऊ वर्षांची होते. चौथ्या दिवशी रास परतायची सोडून ओढ्यावर नाचायला गेले.

आई: हे मला आज कळतंय.

कोनादू: त्यांनी तुलाही सांगितलं नाही. मला घरी आल्यावर एवढंच म्हणाले, उद्यापासून रास आपण दोघं परतू. मारलं असतं तर बरं झालं असतं, विसरले असते. चौदा वर्षांनी मला त्याचे आभार मानावेसे वाटले. बाटली फोडण्यापलीकडे आभार मानायची दुसरी रीत मला ठाऊक नव्हती.

नाना बादू: जांभळ्या बियांसाठी कुणी बाटली फोडतं का, पोरी?

कोनादू: बाबाही हसले होते. मग एक घोट घेतला आणि तुमच्या पेल्यात ओतली.

आई: झालं सांगून? आता हे याच खोलीत राहू दे. तू, मी आणि नाना. नानांना तसंही निम्मं ऐकू आलेलं नाही.

नाना बादू: ऐकू आलंय, पोकुआ. नको तेवढं आलंय.

आई: नाना, तुम्ही खोटं बोलला नाहीत. तुम्हांला जे वाटलं ते बोललात.

नाना बादू: तेव्हा वाटलं होतं. आता बाहेर जाऊन गप्प बसलो तर ते खोटंच. आणि बोललो तर शेंबडी पोरंसुद्धा म्हणतील, म्हातारा एका पेल्यासाठी साक्ष देतो. ऐंशी वर्षांत मला माझा शब्द कधी मागं घ्यावा लागला नाही गं. मला का सांगितलंस हे?

कोनादू: तुम्ही बाहेर बोलून आलात म्हणून.

आई: बघ, काय केलंस ते. माझा भाऊ मला ठेवून घेईल, त्याच्या स्वैपाकघरामागं, शेळ्यांच्या शेजारी. अठरा वर्षं मी त्या रानात कंबर मोडली. दर झाडाच्या बुंध्याशी पाणी ओतलं. आणि तुला तुझ्या बापाचा खरेपणा आठवतोय. त्याला काय होतं खरं बोलायला? त्याच्याकडे रान होतं.

कोनादू: खरं आहे तुझं.

आई: खरं आहे ना? मग मान हलव.

कोनादू: शिकवलं नसतं तर हलवली असती गं. आजच त्यांचा राग येतोय मला. कोयता शिकवला, तेवढ्यावर थांबायचं होतं.

नाना बादू: हाक मारतायत.

आई: कोनादू.

कोनादू: नाना, माझ्या मागं चला. मी काय बोलते ते बोलू द्या, मध्ये पडू नका. तुम्ही बाटली पाहिली, ते खरं. तुम्ही प्यायलात, तेही खरं. जमिनीची रीत मी भलत्याच गोष्टीला लावली. तुमची काही चूक नाही, माझी आहे. असंच सांगणार आहे.

आई: मी येणार नाही बाहेर.

कोनादू: नको येऊस. पाणी पी थोडं.

* * *

आफ्रा: आणि तू गेलीस, आजी? सगळ्यांसमोर?

कोनादू: गेले. दार उघडलं तर डोळ्यांवर ऊन आलं, कुणाचं तोंड दिसेना. बरंच झालं.

आफ्रा: मग आंतवीआजोबांनी तुला थोडं तरी दिलं?

कोनादू: तू गोष्टीतल्यासारखं विचारतेस. त्या सुगीची फळं उतरवू दिली, बस. माणूस वाईट नव्हता. पण राशी दोन दिवसांत उकरायचा. दहा वर्षांत बाजारात त्याच्या पोत्यात सळी खुपसायला लागले. पुढं ट्रक चालवायला गेला, तिकडेच राहिला.

आफ्रा: नाना बादू?

कोनादू: माझं ऐकून वडीलधाऱ्यांनी त्यांना काही म्हटलं नाही. पण ते झाडाखाली बसायला यायचे कमी झाले. कुणी पेला पुढं केला की आधी विचारायचे, कशाचं आहे? लोक हसायचे. वर्षभरात गेले. त्यांचं मला अजून लागतं.

आफ्रा: आणि तू इकडे सेफ्वी मुलखातल्या रानात आलीस.

कोनादू: इथं रान तोडायला मिळत होतं. सहा वर्षं कच्ची केळी आणि अळूची पानं खाल्ली, तेव्हा कुठं कोकोला फळ धरलं. ते आता तुझ्या आईचं, मग तुझं.

आफ्रा: पणजी बोलली का तुझ्याशी पुन्हा?

कोनादू: दोन वर्षं नाही. निरोप धाडले, उत्तर नाही. मग एक दिवस गाठोडं घेऊन दारात उभी. म्हणाली, भावाच्या शेळ्या फार बोलतात. शेवटपर्यंत माझ्याकडेच राहिली.

आफ्रा: त्या दिवसाबद्दल काही बोलली?

कोनादू: एकदाच. मी सार वाढत होते. म्हणाली, खोटं बोलली असतीस तरी मी तुझ्या हातचं जेवले असते. आणि चवीनं जेवले असते.