जिन्याचा ठराव

(सभागृहाच्या जिन्याखालचं शिवणकामाचं दुकान; मागे लागूनच राहायची खोली. शिंपीणबाई मशीनवर. समोर धूरमुक्त वस्ती समितीचे अध्यक्ष. बाईही समितीच्या सदस्य आहेत.)

शिंपीणबाई : म्हणजे जिन्याचा विषय आजही राहिला.

अध्यक्ष : राहिला नाही वहिनी, पुढे ढकलला. दोन्हींत फरक आहे.

शिंपीणबाई : खालून दिसत नाही हो तो फरक.

अध्यक्ष : विषय पुकारला तेव्हा कोरमच नव्हता. मी तरी काय करू?

शिंपीणबाई : कोरम जिन्यात उभा होता. सिगारेटी ओढत.

अध्यक्ष : सभागृहात बंदी आहे ना. शिस्तीची माणसं आहेत आपली.

शिंपीणबाई : मग सभाच जिन्यात घ्या. तिथं सगळे असतात.

अध्यक्ष : नियमावलीत ‘सभागृहात’ असं स्पष्ट म्हटलंय. पण खरं सांगू, चर्चा झाली जिन्यात. फार मोकळेपणानं झाली. सगळे तुमच्याच बाजूनं बोलले. खजिनदारांना तर गहिवरून आलं.

शिंपीणबाई : ऐकलं. आमच्या खिडकीला टेकूनच गहिवरत होते. धूर थेट मामंजींच्या उशाशी.

अध्यक्ष : अहो, आजोबांसाठीच तर हा सगळा खटाटोप.

शिंपीणबाई : समिती नव्हती तेव्हा लोक वर ओढायचे, धूर वरच्या वर जायचा. तुम्ही सभागृह धूरमुक्त केलंत आणि तो आख्खा आमच्या पदरात टाकलात. त्या ठरावाला मीही हात वर केला होता, अक्कल गहाण टाकून.

अध्यक्ष : असं बोलू नका. त्याच ठरावावर पुरस्कार मिळायची चिन्हं आहेत. उद्या पाहणीला पाहुणे येतायत. म्हणूनच आलो होतो. आजोबांचा तो खोकला... म्हणजे उगाच गैरसमज नको व्हायला. दिवसभर त्यांना कुठं बसवता आलं तर...

शिंपीणबाई : सभा उठल्यावर लगेच वन्संकडे पोचवून आले त्यांना. डॉक्टर म्हणाले, या खोलीत ठेवलंत तर हिवाळा काढायचे नाहीत.

अध्यक्ष : अरेरे. कायमचं का?

शिंपीणबाई : ठराव होईपर्यंत, असं सांगितलंय. रिक्षात बसताना विचारत होते, पुढची सभा कधी आहे म्हणून.

अध्यक्ष : घेऊ की. पुरस्काराचं एकदा आटपलं की लगेच घेऊ.

शिंपीणबाई : बरं.

अध्यक्ष : म्हणजे वहिनी, मागची खोली सध्या रिकामीच म्हणायची.

शिंपीणबाई : का हो?

अध्यक्ष : काही नाही, उद्या पाहुण्यांसमोर सदस्यांनी जिन्यात उभं राहणं बरं दिसत नाही. तासाभराचा प्रश्न आहे. खिडकी आतून लावून घेतील. बाहेर धूर दिसणार नाही, ती जबाबदारी माझी.

शिंपीणबाई : त्यांची गादी अजून गुंडाळली नाहीये मी.