कंप्युटरचं झबलं

आमी मूळचे वडिवळ्याचे, धरणाखाली आमची भातखाचरं, आन् कामशेतात एका फोटोवाल्याकडं मी कॅमेरा धरायला शिकलो, तवापासून लग्नाचं शूटिंग करतोय. आता लोक जुन्या कॅसेटी आणत्यात, पेन ड्राईव्हवर घालून द्या म्हणत्यात. ते काम घरातच, पडवीत. काय सांगू तुमाला, एका अंगाला कंप्युटर, दुसऱ्या अंगाला भाताची कणगी.

तर सुदुंबऱ्याची एक मावशी आली, लेकीच्या लग्नाची कॅसेट घिऊन. म्हणली, परवा नातीचा साखरपुडा हाय, तिनं आजोबाला कधी बघितलं न्हाई, ह्यांचा आवाज एवढ्या कॅसेटीतच ऱ्हायलाय, मांडवात लावायचाय. मी म्हणलं, व्हय, देतो की. आन् नेमकं मशीन हटून बसलं. सुरवातीला पळायचं, मग रांगायचं, मग निम्म्यावर येऊन बंदच पडायचं. मेमरी वाढवली, सॉफ्टवेअर बदललं, तरी तेच. मावशी समोर बसून म्हणायची, बाबा, एवढ्यात आमची दोन खाचरं लावून झाली आसती. मला लय लाज वाटली बघा.

तेवढ्यात आमची मंडळी चहा घिऊन आली. कप ठेवताना तिचा हात कंप्युटरच्या डब्याला लागला, म्हणली, आवो, ह्याला ताप भरलाय! आता ही गोष्ट आशी, की हितली हवा ओली, पावसाळाभर भिंती घामेजत्यात, म्हणून तिनंच जुन्या लुगड्याचं दुहेरी झबलं कंप्युटरला शिवलेलं, बटनं लावून, पार पाठीमागपतूर. मायेनं शिवलेलं, म्हणून मी मशीन चालू आसतानाबी काढत नसायचो. त्या दिवशी काढलं, तर मागचा पंखा भाताच्या कोंड्यानं गच्च. मशीन तापलं की जळू नये म्हणून आपसूक हळू चालतं, हे मीच लोकांना सांगायचो वो! मंडळी म्हणली, दुसऱ्याला शिकवा, आन् रंगाच्या ब्रशनं पंखा झाडायला बसली.

दुपारपतूर फाईल तयार. आजोबा पंगतीत उभं ऱ्हाऊन म्हणत्यात, पोटभर जेवा रं, लाजू नका. एवढंच. मावशी हसली, पदर डोळ्याला लावला, परत लाव म्हणली. तीनदा लावलं.

कणगी आता आत हलवलीय. मशीन जुनंच, तासाच्या कॅसेटीला आजूनबी तीन तास खातं, पर बंद पडत न्हाई. झबलं मंडळीनं शिलाई मशीनला चढवलंय, त्याला काय ताप येत न्हाई म्हणती. तुमच्याकडं कॅसेट आसंल तर बुरशी लागायच्या आत आणा. आन् जेवायच्या वक्ताला या, तीन तास बसायचंच हाय.