पिशवी काढू नका

नाही अक्का, पाणी नंतर — आधी मला बोलू द्या, एकदा थांबलो तर हे पुन्हा बोलता येणार नाही मला. ओळखलंत ना? तुंगा मावशीचा बिंदुमाधव, सरस्वतीपुरमचा. गेल्या वर्षी देवळात रोपं वाटली, तेव्हा माइक धरून ओरडत होतो तो मीच. तुम्ही पुढच्याच रांगेत होता. ‘पिशवी काढू नका! पिशवीसकट लावा! सहा महिन्यांत पिशवीची माती होईल!’ — किती टाळ्या पडल्या, अल्वा, हो ना? आता त्याच टाळ्या वाजवणाऱ्यांच्या दारोदार खुरपं घेऊन फिरतोय. हो, तुमच्या या चाफ्यासाठीच आलोय. खणावा लागेल. — थांबा, ऐकून तर घ्या.

तुम्ही जन्मभर शिवण केलंत, पॉलिएस्टर काय चीज आहे ते तुम्हाला मी काय सांगायचं? कपडा विटतो, पण कुजत नाही. का नाही? त्याच्या रेणूंच्या लांब साखळीत बेंझिनच्या कडक कड्या असतात — अ‍ॅरोमॅटिक म्हणतात त्यांना, वासबीस काही नसतो हं — मातीतल्या जंतूंना त्या फोडवत नाहीत. दुसरं असतं अ‍ॅलिफॅटिक, मऊ, सरळ साखळीचं. ते जंतू आवडीनं खातात, पण त्याची पिशवी केली तर माती भरतानाच फाटते. मग मी काय केलं? दोन्हींचे तुकडे एकाच साखळीत गुंफले. नुसते कालवले नाहीत — वितळवून, हवा काढून घेऊन, तासन्‌तास ढवळत. कोपॉलिएस्टर. ताकद एकाची, कुजणं दुसऱ्याचं. जगातलं प्लॅस्टिक आता मीच संपवणार, असं वाटायचं मला. हसा की, हसा.

पहिली पिशवी फाटली. सगळ्या लॅबसमोर, माती माझ्याच बुटांवर — पोरं काय खिदळली! म्हणून मी कडक भाग वाढवला. मग अजून थोडा. मग अशी पिशवी झाली की दोघांनी ओढून बघावी. कुजते का? कुजली की! लॅबच्या खतात, हात पोळेल इतक्या गरम पेटीत, छान कुजली. पण अंगणातली माती गार हो — तिथे तिला कोण खाणार? आमच्या वरलक्ष्मी मॅडम म्हणाल्या होत्या, ‘बिंदू, एक वर्ष साध्या मातीत पुरून बघ, मग वाट.’ मी काय म्हटलं? ‘मॅडम, पृथ्वीला तेवढा वेळ नाही.’ असं म्हटलं, अक्का, तोंडावर.

आणि परवा हिनकलच्या शेषगिरी मास्तरांचं सीताफळ वाळलं म्हणून उपटलं. पिशवी जशीच्या तशी, आत मुळं गोल गोल फिरून एकमेकांचा गळा आवळून बसलेली. मास्तरांनी पिशवी झटकून माझ्या हातात दिली. तेव्हा मला कळलं की — नाही. ते खोटं आहे. पावसाळ्याआधीच कळलं होतं. मावशीच्या कढीपत्त्याची पिशवी मी कापून काढली, तिला म्हटलं खत घालतोय. बाकी कुणाला सांगितलं नाही. का नाही? माझा सत्कार ठरला होता. शाल घ्यायची होती ना अंगावर. हे मास्तरांनाही सांगितलेलं नाही मी, तुमच्यापुढे का बोलून गेलो कोण जाणे. असं बघू नका.

हात सोडा, अक्का. बेडा, बेडा काय? नको कसं? कळ्या आल्यात, दिसतंय मला, म्हणूनच घाई. हे पान पिवळं बघा — सुरुवात अशीच होते. बाजूनं खणतो, पिशवी कापतो, होता तसा लावून देतो — तुम्ही बोलू नका हो मध्ये — हं, मूळ लागलं. जाड आहे. तुटलं. असू दे, पिशवी लागली की झालं. इथेच असायला हवी. खाली असेल. अजून एक तुटलं — पण पिशवी कुठंय? अक्का, आत कुठे चाललात? पिशवी कुठंय?

हे काय? कपड्यांचे चिमटे? चिमटे काय करायचेत मला, मी पिशवी —

चिमटे भरलेली ही पिशवी... ही माझीच आहे.

लावतानाच काढून ठेवलीत? इतकी मजबूत पिशवी मातीत कोण घालतं, म्हणून? आणि मी दारात आल्यापासून हेच सांगत होता?

चाफा कलला. धरतो मी — बरं, नाही धरत. माती? तीही नको. खुरपं ठेवलं, हे बघा. पाणी तुम्हीच घाला. अक्का, माझं एवढंच म्हणणं होतं की —

नाही. काही नाही. फाटक लावून घेतो.