काचेतली खानावळवाली

परवा डोंबिवलीतल्या माझ्या व्हिडिओ गेमच्या दुकानात डिस्ट्रिब्युटर आला आणि दर्शनी काचेतल्या जपानी गेमकडे बोट दाखवून म्हणाला, “शेठ, हा पडून राहिलेला माल काढा. इथे नवा फुटबॉलचा गेम लावा, नाहीतर तो कोलशेतच्या दुकानाला देतो.”

“तू हा खेळलायस?”

“सुरू केलेला. लढाई कमी, नुसत्या गप्पा. सगळ्या स्किप केल्या.”

“मग त्यातली खानावळवाली म्हातारी भेटली असेल?”

“ती होय! जेवून पुढे गेलो.”

“अरे, पळून आलेल्या शिपायाला, शत्रूच्या पोरीलासुद्धा एका पंगतीत बसवते ती. तू तिचं नावही न विचारता उठलास, आणि तिला काढायला मला सांगतोस? दे कोलशेतला फुटबॉल! म्हातारी हलणार नाही.”

तो बॅग उचलून निघाला.

“थांब, चहा सांगितलाय. तो तरी स्किप करू नकोस.”