एका पानावरची दोन भविष्यं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले आपले संपादक, छपाई, जाहिरात आणि वितरण विभागांतले माझे सहकारी, नोकरी संपूनही आठवणीने आलेली जुनी मंडळी, आणि ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते आपल्या सगळ्यांचे काका, सर्वांना माझा नमस्कार.

मी मुद्रितशोधक. लोकांनी लिहिलेलं वाचायचं आणि मुकाट चुका काढायच्या, एवढंच मला येतं. माइकसमोर बोलायची सवय नाही, तेवढं सांभाळून घ्या.

आपल्या शनिवारच्या पुरवणीचं शेवटचं पान सव्वीस वर्षं दोघांनी लिहिलं. डावीकडे काकांचं भविष्य, चंद्रराशीचं. उजवीकडे काकूंचं, सूर्यराशीचं. नवरा-बायको, एकच टेबल, समोरासमोर खुर्च्या आणि मधे वादाचा डोंगर! नव्या माणसाला वाटायचं, यांचं आज नक्की फाटणार. पाच मिनिटांनी दोघं एकाच डब्यातून जेवत असायची.

वाद कशाचा? मला समजलं तसं सांगते. काका निरयनवाले. त्यांची मोजणी स्थिर ताऱ्यांपासून सुरू होते. काकू सायनवाल्या, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या. त्यांची मोजणी वसंतसंपातापासून, मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या बिंदूपासून. हा बिंदू ताऱ्यांच्या मानाने हळूहळू मागे सरकतो. एके काळी दोन्ही मोजण्या एकाच ठिकाणी सुरू व्हायच्या. आज त्यांच्यात चोवीसेक अंशांचं अंतर पडलंय. म्हणजे जवळजवळ एक अख्खी रास! काकूंचा जन्म ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातला. त्यांच्या हिशेबाने त्यांचा सूर्य सिंहेत, काकांच्या हिशेबाने तोच सूर्य अजून कर्केत. शिवाय काका सूर्यापेक्षा चंद्राला मान देणार, नक्षत्र बघणार, महादशा मांडणार.

काकू म्हणायच्या, "अहो, राहू-केतू तर आकाशात दिसतसुद्धा नाहीत. त्यांना कसले घाबरता?"

काका म्हणायचे, "तुझा प्लूटो रोज गॅलरीतून दिसतो वाटतं?"

एकदा एक वाचक तणतणत आले. डावीकडे छापलं होतं, आठवडाभर नवं काम सुरू करू नका. उजवीकडे होतं, आजच सुरू करा. "मी नक्की कुणाचं ऐकू?" दोघंही एकदम म्हणाले, "माझं!" त्या गृहस्थांनी विचारलं, "मग तुमच्या घरी कुणाचं चालतं?" काकू म्हणाल्या, "घरी ग्रहांना कोण विचारतंय?" गृहस्थ हसत हसत गेले.

तीन वर्षांपूर्वी काकू आजारी पडल्या. अकरा आठवडे दवाखान्यात होत्या. त्या काळात सूर्यराशीच्या भविष्याचा एकही शनिवार चुकला नाही, हे किती जणांच्या लक्षात आलं? माझ्या आलं, कारण अक्षर काकांचं होतं. ज्या पद्धतीची त्यांनी जन्मभर टिंगल केली, ती हा माणूस साठीच्या पुढे पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून शिकत होता. काकूंची जागा दुसऱ्या कुणाला जाऊ नये, म्हणून.

दर बुधवारी दुपारी मजकूर आणायला मी दवाखान्यात जायचे. काका वाचून दाखवायचे आणि काकू डोळे मिटून ऐकायच्या. मधेच म्हणायच्या, "अहो, पुन्हा तुमचे ते चोवीस अंश वजा केलेत!" काका निमूटपणे खोडून परत मांडायचे. चूक सापडली की त्यांचा चेहरा उजळायचा. मला तर संशय आहे, काही चुका ते मुद्दाम करायचे.

अकराव्या बुधवारी काकूंनी एकही चूक काढली नाही. मेष झाली, वृषभ झाली, मिथुन, कर्क झाली. काकांनी सिंहेचं वाचलं, "घरी परतण्याचा योग आहे."

काकूंनी डोळे उघडले. "हे कशावरून काढलंत?"

"सायनावरूनच. तुझ्याच पद्धतीने."

"सायनात असं काही नाहीये."

काका कागदाकडे बघत राहिले. आधाराशिवाय एक ओळ न लिहिणारा तो माणूस! मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

मग काकू म्हणाल्या, "पण असू दे. छापा."

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला माझ्या टेबलावरचा फोन वाजला. काका होते. म्हणाले, "ती गेली." एवढंच. माझ्यासमोर त्याच पानाचं प्रूफ पडलं होतं. पान संध्याकाळी सहाला छपाईला जायचं होतं. अशा वेळी माणसाने काय बोलावं? मी मूर्खासारखी म्हणाले, "काका, सिंहेचं ते वाक्य मी काढते. अजून वेळ आहे."

 पलीकडून चाकांच्या खाटेची खडखड ऐकू आली. मग म्हणाले, "राहू दे, पोरी. गावात सिंह राशीची माणसं काय कमी आहेत? तिला नाही जमलं. कुणीतरी जाईल घरी."

मी पानावर सही केली. शनिवारी ते छापून आलं.

त्यानंतर तीन वर्षं दोन्ही भविष्यं काकांनीच लिहिली. उजव्या बाजूला काकूंचंच नाव छापलं जायचं. संपादकांनी कधी विचारलं नाही, त्याबद्दल मी आज जाहीरपणे त्यांचे आभार मानते. पुढच्या शनिवारपासून त्या पानावर दुसरं काही येईल.

गेल्या आठवड्यात शेवटचा मजकूर घेताना मी विचारलं, "काका, आता घरी वेळच वेळ. दोन्ही पद्धतींवर पुस्तक लिहा ना."

ते म्हणाले, "पंचांग उघडतो आणि मिटतो. माझं बरोबर आलं तरी सांगू कुणाला? 'तुझं चुकलं' म्हणायला समोर कुणीतरी लागतं."

काका, तुम्ही आम्हाला जे दिलंत त्याबद्दल आभार मानते. तुमच्या गुडघ्यांची काळजी घ्या. जेवण टाळू नका.

बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकून घेतलंत, आपली सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घ्या. आणि काका, तुमची वेगळी क्षमा मागते. सकाळी तुम्ही मला बजावलं होतंत, "दोन पद्धतींतला फरक सांग हवं तर, पण तिचा विषय काढू नकोस. मला सगळ्यांसमोर बसायचंय." मी फरकच सांगायला उभी राहिले होते, काका. तिला वगळून तो सांगताच येईना.