निर्व्यसनी मेंदू

गुडघ्याच्या तपासणीसाठी मी रांगेत होतो. शेजारच्या बाकावर एक म्हातारे शिंपी आणि त्यांची बायको बसली होती. सिगारेटच्या व्यसनावरच्या अभ्यासासाठी दोघांच्या मेंदूचे फोटो काढायचे होते.

"आत काय करतात हो?" बायकोनं विचारलं.

"यंत्राच्या बोगद्यात झोपवतात आणि सिगारेटची चित्रं दाखवतात. तलफ आली की मेंदू कुठं पेटतो, ते पडद्यावर दिसतं."

"आणि लपवायचं म्हटलं तर?"

"तोंडाला कुलूप घालता येतं, मेंदूला कसं घालणार? पण तू कशाला घाबरतेस? तुझा मेंदू निर्व्यसनी. माझ्याशी तुलना करायला तर तुला बोलावलंय."

"आपण घरी जाऊ या का? गॅस चालू राहिलाय बहुतेक."

"मी स्वतः बंद केलाय. खरं काय ते सांग."

"तुम्ही लपवलेली पाकिटं मी फेकून द्यायची ना…"

"तीस वर्षं फेकतेयस."

"पहिलं फेकलं. दुसऱ्याच्या वेळी म्हटलं, एवढं काय असतं त्यात, बघावं तरी."

"अगं बाई! आणि मला ओढायला गच्चीवर पिटाळायचीस?"

"तुम्ही घरात असल्यावर मी कुठं ओढणार?"

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली.

"तुलनेसाठी आलेल्या बाई कोण?" शिंपीच उठून उभे राहिले.

"ताई, तुलनेला दुसरं कुणीतरी शोधा. आम्ही दोघं एकाच रकान्यातले निघालो."