मनालचं उत्तर आणि नागवेकर बाई

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे पदाधिकारी, माझे सहकारी शिक्षक, पालक, विद्यार्थी मित्रमैत्रिणी आणि जिथं तिथं ज्यांचं आज नाव निघतंय त्या आमच्या गोदावरी नागवेकर बाई,

मी सावित्री पाध्ये, याच शाळेत गणित शिकवते. आत्तापर्यंत बाईंचं अक्षर, बाईंची शिस्त, इतकंच काय, बाईंच्या हातची सांदणं, सगळ्याचं कौतुक झालं. रास्तच आहे. पण निवृत्तीला अजून अवकाश असताना बाई का चालल्या, हे या माइकवरून कुणीच सांगितलं नाही. म्हणून मी सांगते.

गेल्या वर्षी कारगिलची लढाई नुकतीच थांबली होती. बाईंनी नववीला एक कथा वाचून दाखवली. एका जवानाला हुकूम होतो, हात बांधलेल्या कैद्याला गोळी घाल. तो कैद्याला सोडून देतो आणि साहेबाला खोटंच सांगतो, घातली म्हणून. जवान बरोबर वागला का? एवढाच प्रश्न.

सागरनं लिहिलं, बांधलेल्याला मारणं हा पराक्रम नव्हे, जवान बरोबर. त्याचा थोरला भाऊ फौजेत आहे. त्याचं उत्तर भित्तिपत्रकावर लागलं, संस्थेनं पाठ थोपटली.

मनालनं लिहिलं, मारलं नाही हे बरोबर, पण खोटं बोलला हे चूक. 'मी मारणार नाही' असं साहेबाच्या तोंडावर सांगायला हवं होतं. मला विचाराल तर हे उत्तर सागरच्या उत्तराहून कडक आहे. आणि त्याला काय म्हटलं गेलं? शत्रूची बाजू! का हो? तिचं आडनाव मुकादम आहे म्हणून?

संस्थेनं ठरवलं, मनालनं प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांसमोर माफी मागायची. वडील बोटीवर नोकरीला, त्यामुळे आई, रझियाभाभी, भाट्याहून धावत आल्या. व्हरांड्यात मला म्हणाल्या, "बाई, माज्या पोरीनं काय वायट लिवलान? वाचून तरी दाखवा." मी वाचलं. त्या म्हणाल्या, "ह्यात माफी कसली?"

कार्यालयात मनालनंही तेच विचारलं. "माझं कुठे चुकलं ते दाखवा, मी माफी मागते." पदाधिकारी 'उगाच वाद नको' एवढंच म्हणाले.

तेव्हा नागवेकर बाई उठल्या. "मारलं नाही हे बरोबर, असं दोघांनीही लिहिलंय. मागायची तर सागर आणि मनाल दोघं मागतील. आणि कथा मी वाचली, म्हणून आधी मी. बोला, मुलांना मैदानात बोलावू?"

माफी टळली. पण वक्तृत्व स्पर्धेतून मनालचं नाव गेलं. ज्येष्ठता बाईंची असून मुख्याध्यापकाची खुर्ची दुसऱ्याला मिळाली. शेवटी रझियाभाभींनी दाखला काढून मुलीला दाभोळला मामाकडे धाडलं. त्याच दिवशी बाईंनी राजीनामा लिहिला. मला म्हणाल्या, "मनापासून लिहिलं म्हणून जिथे मूल शाळेतून जातं, तिथे मी निबंध कोणत्या तोंडानं शिकवू?"

अध्यक्ष महोदय, शाल आपल्या हस्ते, असं पत्रिकेत छापलं आहे. बाईंची विनंती आहे की ती त्यांना मनालच्या हातून घ्यायची आहे. दाभोळहून सकाळच्या एसटीनं ती आली आहे, मागच्या रांगेत बसली आहे.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. माझा आवाज चढला असेल, तर त्या आवाजापुरती क्षमा असावी.

मनाल, ये गं, वर ये.